एक लेव्हल इकडची, एक तिकडची

रविवारी दुपारी आमच्या घरी चार बायका टेबलाभोवती बसतात असं सांगितलं की समोरचं माणूस विचारतं, भिशी का? मी नाही म्हणते. मग भजन? तेही नाही. आम्ही खेळतो. मग रमी असणार, असं ठरवून ते माणूस गालात हसतं आणि पुढे निघून जातं. आमच्या हाटकेशच्या नाक्यावर हातात मेथीची जुडी धरून या खेळाचे नियम समजावता येत नाहीत. म्हणून म्हटलं, एकदा बसून लिहावं.

तर खेळ असा असतो. एक जण गोष्ट सांगते आणि बाकीच्या त्या गोष्टीतली माणसं होतात. मी म्हणते, "समोर विहीर आहे, आत पायऱ्या आहेत, खालून कुणीतरी हाक मारतंय. तुम्ही काय करणार?" मग त्या काय करायचं ते ठरवतात, फासा टाकतात, आणि फाशावर जे येईल ते होतं. फासा वीस बाजूंचा, बोरासारखा गोल दिसतो, टेबलावरून गडगडत फ्रिजखाली जातो. गोष्ट सांगणारीनेच नियमही सांभाळायचे असतात. आमच्याकडे ते काम माझं. मला त्या मास्तरीणबाई म्हणतात, निम्म्या प्रेमाने, निम्म्या चिडवायला.

हा खेळ घरात आणला सुनेने. लग्नाआधी तिच्या ऑफिसातल्या मुलामुलींचा ग्रुप होता. कुणी परदेशी गेलं, कुणाला बाळ झालं, ग्रुप मोडला आणि पुस्तकं आमच्या माळ्यावर आली. मी सातवीपर्यंत शिकलेली. अलिबागकडून लग्न होऊन इकडे आले, मग भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात तपासणीला होते. पातेल्याचं बूड सपाट आहे का, काठाला चरा आहे का, एवढंच बघायचं, पण दिवसभर बघायचं. इंग्रजी मी खोक्यांवरची अक्षरं आणि मुलाची शाळेची पुस्तकं वाचून शिकले. गुडघ्यामुळे घरी बसले तेव्हा माळ्यावरचं नियमांचं पुस्तक खाली काढलं. एक पान वाचायला एक सकाळ जायची. फोनवर शब्दाचा अर्थ बघायचा, तो पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहायचा. सुनेने ते पाहिलं आणि म्हणाली, "आई, तुम्हीच मास्तर व्हा. मला नुसतं खेळायचंय. ऑफिसात दिवसभर मीच सगळ्यांना सांगत असते काय करायचं ते."

अशी मी मास्तरीण झाले.

आता बाकीच्या दोघी. एक आमच्या समोरच्या दारातली गुजराती भाभी. माझ्याच वयाची, मला ताई म्हणते, माझ्याशी हिंदीत बोलते आणि रागावली की गुजरातीत. दुसरी माझी कारखान्यातली मैत्रीण. ती घोडबंदरच्या खाडीकडची, तिथल्या जुन्या घराण्यातली. सासरचं मिठागर होतं आणि भातशेतीही. आता दोन्ही नाही, पण बोलण्यात दोन्ही आहे. ती बसने येते, डब्यात सुकटीची चटणी आणते, आणि भाभी नाकाला पदर लावून म्हणते, "डब्बा बंद रखो बेन, पहले मुझे बैठने दो."

माणसं तयार करायच्या दिवशी भाभीने एक क्षणही विचार केला नाही. "मैं लड़ूँगी. तलवार दो." तिने लढवय्या केला, उंच, मिशीवाला, जेवणारा. सुनेने चोर केला. मैत्रिणीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जादू करनारं कोन हाय यात?"

मी सांगितलं, जादू करणारे बरेच प्रकारचे आहेत. एक देवाच्या बळावर करतो, आपल्याकडच्या भगतासारखा. माणसं बरी करतो, भुतं पळवतो. दुसरा पोथी शिकून करतो, आग लावतो, दिसेनासा होतो. यातलं एक घ्यायचं.

"दोन्ही न्हाय घेता येत?"

येतं. पुस्तकात ती सोय आहे. माणूस जसजसा अनुभवाने मोठा होतो तसतशी त्याची एकेक लेव्हल वाढते, आणि प्रत्येक वेळी लेव्हल कुठल्या पेशात टाकायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. अट एवढीच, की दोन्ही पेशांना लागणारा गुण अंगात थोडा तरी हवा. भगताची जादू चालते शहाणपणावर, पोथीवाल्याची अकलेवर. पुस्तकात या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत, आणि मला ते फार पटलं. मैत्रिणीने आपले गुण दोन्हीकडे वाटले. अक्कल बरी, शहाणपण बरं. दोन्ही नुसतं बरंच.

सून म्हणाली, "मावशी, असं करू नका. एकच धरा. दोन्हीकडे पाय ठेवणारा कुठेच मोठा होत नाही या खेळात."

मैत्रीण तिच्याकडे बघून हसली. "गो पोरी, तुमच्या हापिसात एकच काम. आमचं तसा न्हाय. दिवालीनंतर आगरान जायाचा, मीठ पिकवायचा. पाऊस आला का मीठ संपला, मंग भात लावायचा. मीठ बुडला तं भात हाय, भात वाहून गेला तं मीठ हाय. एकावर बसला तो मेला."

आणि तिने खरंच तसं केलं. पहिली लेव्हल भगताची, दुसरी पोथीची, तिसरी भगताची, चौथी पोथीची. हंगामासारखं आलटून पालटून. हा खेळ जगभर खेळतात म्हणे. पण लेव्हल हंगामाने वाटणारी बाई मला वाटतं एकच असेल. सून कपाळाला हात लावायची. मी काही बोलायचे नाही. पात्र जिचं तिचं. मास्तरणीने नियम वाचून दाखवायचा, शहाणपणा शिकवायचा नाही.

नियम मात्र मी वाचून दाखवला होता, आणि तो इथे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जादू करणाऱ्याकडे दोन गोष्टी असतात. एक बळ, आणि दुसरं येणारे मंत्र. बळाचे स्लॉट असतात, लहान, मध्यम, मोठे; एक मंत्र म्हटला की एक स्लॉट रिकामा होतो, आणि रात्रभर झोपलं की पुन्हा भरतो. आता ज्याचे दोन पेशे आहेत त्याचं बळ दोन्हींची बेरीज करून मोजतात. पण मंत्र बेरीज करून येत नाहीत. भगत म्हणून तू जेवढी मोठी तेवढेच भगताचे मंत्र, पोथीवाली म्हणून जेवढी तेवढेच पोथीचे. म्हणजे पाचव्या लेव्हलला हिच्याकडे मोठे स्लॉट आले, एकाच पेशात राहिलेल्याला येतात तसेच. पण मोठा मंत्र एकही नाही. भगत तीन, पोथी दोन. दोन्हीकडचं लहान-मध्यमच येतं.

मला वाटलं, हे समजावायला वेळ लागेल. मी म्हटलं, "समज, घरात लग्नाचं मोठं पातेलं आहे..."

"कलला," ती म्हणाली. "मानसा तीच, बैल तेच, दोन्हीकडं राबतान. पन मीठ पेरून भात न्हाय येत."

भाभी म्हणाली, "तो बड़े पतीले में क्या करेगी?"

"लहान मंत्र मोठ्या स्लॉटमध्ये म्हणता येतो," मी सांगितलं. "थोडा जोरात लागतो."

"मतलब दाल ही बनेगी, लेकिन ज़्यादा बनेगी."

एवढंच. त्या दिवशी हा नियम तिघींनाही विनोदी वाटला.

मग ती विहीर आली. दगडी बांधलेली, खोल, पायऱ्या शेवाळलेल्या. भाभीचा लढवय्या नेहमीसारखा सगळ्यांच्या पुढे. मैत्रीण वर काठावर उभी, सुनेचा चोर तिच्याही मागे, कारण चोर. खाली जे होतं त्याने लढवय्याला पाण्यात ओढलं. तो बेशुद्ध पडला. बेशुद्ध माणसासाठी नियम असा, की दर फेरीला फासा टाकायचा. तीनदा चांगला आला तर तगतो, तीनदा वाईट आला तर जातो. आणि एक आला, तर तो दोन वाइटांइतका धरायचा. मैत्रीण पायऱ्या उतरायला लागली. भाभीने पहिला फासा टाकला, वाईट. मैत्रीण अजून अर्ध्यात, शेवाळावरून पाय घसरला. भाभीने दुसरा टाकला. फासा टेबलाच्या कडेपर्यंत गेला, थांबला. एक.

भाभीने फासा उचलून बघितला, जणू खालच्या बाजूला दुसरं काही लिहिलेलं असेल.

"मतलब?"

"गेला," मी म्हटलं.

"ऐसे कैसे गया? अभी तो ये आ रही थी."

मैत्रीण पुढच्याच फेरीला पोचली होती. तिने माझ्याकडे बघितलं. "मना उठवता येल? मोठा स्लॉट हाय माज्याकडं. दोन हायेत. एकपन वापरला न्हाय."

मेलेल्याला उठवायचा मंत्र आहे. भगताचाच आहे. मिनिटाच्या आत म्हणावा लागतो. मोठा स्लॉट लागतो, तो तिच्याकडे होता. पण तो मंत्र भगताची पाचवी लेव्हल असल्याशिवाय येत नाही, आणि ती तिसऱ्यावर होती. एकाच पेशात राहिली असती तर त्याच दिवशी, त्याच पायरीवर तो मंत्र तिला येत असता.

मी तसं सांगितलं. जसं पातेल्यावर चरा दिसला की सांगायचे तसं.

सून म्हणाली, "आई, घरचा खेळ आहे. देऊन टाका ना. कोण बघतंय?"

आता इथे आणखी एक सांगायला हवं. भाभीच्या मुलाने वापीला घर घेतलं होतं. नातवंडांच्या परीक्षा संपल्या की ते सगळे जाणार होते, भाभीसुद्धा. तिच्या हॉलमध्ये खोकी यायला लागली होती. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल आम्ही बोलत नव्हतो. तिने फासा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "ताई, एक बात सुनो. मैं यहाँ से मर के नहीं जाऊँगी. वापी जाऊँगी तो ये ज़िंदा होना चाहिए."

"मग नवीन माणूस करा," सून म्हणाली. "एका तासात होतो."

"नया नहीं. यही."

"तर मग आईंना सांगा, नियम सोडा म्हणून."

भाभीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. आणि ती म्हणाली, "नहीं. फोकट का भी नहीं. बाद में ये," तिने मैत्रिणीकडे बोट केलं, "ज़िंदगी भर सुनाएगी."

"सुनवनारच," मैत्रीण म्हणाली. पण तिचं लक्ष बोलण्यात नव्हतं. ती आपल्या कागदावरचे मंत्र बोटाने एकेक करून बघत होती, ओठ हलवत. मग बोट थांबलं. "यो काय हाय?"

तो एक मधला मंत्र होता. मेलेल्या देहाला सडू न देणारा. मी पान काढून वाचून दाखवलं. दहा दिवस देह जसाच्या तसा राहतो, आणि ते दिवस मेल्यानंतरच्या वेळेत धरत नाहीत. मी ते वाक्य पुन्हा वाचलं, मग फोनवर शब्द बघून पुन्हा. अर्थ तोच. म्हणजे मिनिट तिथेच थांबतं.

"लागतं काय त्याला?" मैत्रिणीने विचारलं.

"दोन्ही डोळ्यांवर एकेक तांब्याचं नाणं, आणि चिमूटभर मीठ."

मैत्रीण खुर्चीत मागे रेलली. "मीठ," ती म्हणाली. "येवराच होय."

"अचार डालोगे मेरा?" भाभी ओरडली.

सून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. पण मंत्र लागू झाला. फासासुद्धा टाकावा लागत नाही त्याला. लढवय्या मेलेला, पण मिनिटाच्या आतच मेलेला, असा विहिरीतून वर आला. पुढच्या गावात सुनेच्या चोराने एक बैलगाडी मिळवली. कशी मिळवली ते मी विचारलं नाही. आणि त्या रविवारपासून आमच्या गोष्टीत एक गाडी, तिच्यात एक मिशीवाला देह, आणि दर दहा दिवसांनी मीठ.

भाभी दर रविवारी यायची. मी म्हणायचे, भाभी, तुम्हाला काय करायचंय आता? ती म्हणायची, "मुझे क्या पूछते हो? मैं तो मुर्दा हूँ." आणि मग दुपारभर त्या मुडद्याची बडबड चालायची. "गाड़ी धीरे चलाओ. मेरे ऊपर चादर डालो, धूप है. ये चोर पर भरोसा मत करो, मेरी अंगूठी गिनो." सुनेने खरंच अंगठी काढली होती. ती परत ठेवावी लागली.

हिशेब आता सरळ होता. मैत्रिणीला भगताच्या आणखी दोन लेव्हल लागणार. आणि हंगामाप्रमाणे पुढची पाळी पोथीची होती.

हे बाहेरून वाटतं तेवढं सोपं नव्हतं. पोथीची तिसरी लेव्हल आली की दिसेनासं होण्याचा मंत्र येतो. ती पहिल्या दिवसापासून त्याच्यासाठी थांबली होती. एकदा चहा गाळताना मी तिला विचारलं होतं, एवढं काय आहे त्यात? ती म्हणाली, "घरात किती मानसा हायेत माज्या. सकाली उठल्यापासून सगल्यांना मी दिसतंय. याचा टॉवेल, त्याचा डबा. येकदा तरी न्हाय दिसायचा मना. आगरावर बसायची तशी बसायची, खाडीकडं तोंड करून." मग चहा घेऊन ती बाहेर गेली.

सहावी लेव्हल आली त्या रविवारी मी विचारलं, "कुठे टाकू?" नियमाने विचारावंच लागतं. तिने पेन्सिल घेतली आणि कागदाकडे बघत बसली. त्या दिवशी मुडदाही बोलला नाही. भाभीला मंत्रांचं सगळं समजत नव्हतं, पण कोण काय सोडतंय ते समजत होतं.

"भगत," मैत्रीण म्हणाली. "दिसू दे मना आजून थोडे दिस."

आणि खोडरबराने तिनाचे चार केले.

तरी एक उरलीच. ती सातवी लेव्हल कधी येणार हे माझ्या हातात होतं, कारण लेव्हल मी देते. गोष्टीतला मोठा टप्पा पार पडला की द्यायची, असं आमचं सुरुवातीपासून. तो टप्पा होता खारी दलदल, आणि पलीकडचं बंदर. दलदलीची राखण करणारा एक प्राणी मी आधीच ठरवून ठेवला होता, बराच मोठा, कारण मी तो तीन जिवंत माणसांसाठी केला होता. आता जिवंत दोन. सून स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "आई, तो थोडा लहान करा. निदान म्हातारा तरी करा." मी भाकरी थापत होते. म्हटलं, बघू. पण केला नाही. का केला नाही, याची मोठी कारणं माझ्याकडे नाहीत. मी ज्या पातेल्यावर ठप्पा मारायचे ते पातेलं चांगलंच असायचं. एवढंच.

शेवटचा रविवार आला. सोमवारी सकाळी भाभीचा टेम्पो. तिचं स्वयंपाकघर बांधून झालं होतं म्हणून चहा, नाश्ता, सगळं आमच्याकडेच. तिचे मिस्टर दोनदा दारात येऊन गेले. "टेप कहाँ रखी है?" "अलमारी की चाबी?" ती बसल्या जागेवरून सांगायची, न उठता. "मैं अभी मरी हुई हूँ, बाद में आना." त्यांना वर्षभरात अशा वाक्यांची सवय झाली होती. ते जायचे.

दलदलीत तो प्राणी उठला. चोर नेहमीप्रमाणे मागे, पण गाडी दलदलीत रुतली होती आणि तिला सोडून जाता येत नव्हतं. मैत्रिणीने विचारलं, "मोठे स्लॉट किती झाले आता माजे?" तीन. "आनि मोठा मंत्र?" अजूनही एकही नाही.

"पोथीतला तो बानांचा मंत्र," ती म्हणाली. "सगल्यान लहान. तो मोठ्या स्लॉटमदी घातला तं?"

मी पान काढलं. हा पोथीचा अगदी पहिला मंत्र. लहान स्लॉटमध्ये तीन बाण सुटतात, आणि स्लॉट जेवढा मोठा तेवढे बाण वाढतात. मोठ्यात पाच. आणि त्या मंत्राचं असं आहे की तो चुकत नाही. नेम धरायचा नाही, फासा टाकायचा नाही. अक्कल जास्त असली काय आणि बरी असली काय, बाण लागतातच. इतके महिने तिच्या बऱ्या अकलेमुळे पोथीचे अर्धे मंत्र वाया जात होते. याला तिची अक्कल कुणी विचारतच नव्हतं.

पाच बाण. पुन्हा पाच. तो प्राणी गाडीवर चढला. सुनेचा चोर, आणि हे मी नमूद करते, पहिल्यांदाच पुढे गेला. पुन्हा पाच. मी माझ्या बाजूची वजाबाकी करत होते, कुणाला दिसू न देता. वजाबाकी संपली.

"पडला," मी म्हटलं.

"दाल ज़्यादा बनी," भाभी म्हणाली, आणि डोळे पुसायला लागली, की घाम, मला माहीत नाही.

सातवी लेव्हल मी तिथेच दिली. भगत पाच. उठवण्याचा मंत्र तिला आता येत होता. आणि स्लॉट तिन्ही मोठे रिकामे.

"झोपावा लागंल," मैत्रीण म्हणाली.

झोप म्हणजे खेळात एक वाक्य. मी म्हणते, रात्र झाली, तुम्ही झोपलात, सकाळ झाली. पण उघड्यावर झोपलं की मी एक फासा टाकते. तो एक आला तर रात्री काहीतरी चालून येतं, झोप मोडते, स्लॉट भरत नाहीत. हे मी पहिल्या रविवारपासून करत आले होते, सगळ्यांसमोर.

"आज मत फेंको ताई," भाभी म्हणाली. साधंच म्हणाली, हट्टाने नाही.

मी तिच्याकडे बघितलं. दारात तिचे मिस्टर पुन्हा उभे होते, हातात चिकटपट्टी घेऊन. या वेळी तेही आत आले आणि टेबलाशी उभे राहिले. मी फासा टाकला. तो गडगडत सुकटीच्या डब्याला जाऊन आपटला.

चौदा.

रात्र झाली. तुम्ही झोपलात. सकाळ झाली.

त्या मंत्राला एक हिरा लागतो. सुनेच्या चोराकडे तो होता, आणि कुणाचा होता हे या गोष्टीत सांगण्यासारखं नाही. मैत्रिणीने लढवय्याच्या डोळ्यांवरची नाणी काढली, हिरा ठेवला, मंत्र म्हटला. म्हणजे ती म्हणाली, "म्हनलंय मी," आणि मी म्हटलं, "त्याने डोळे उघडले."

"कितना है उसमें?" भाभीने विचारलं.

"एक."

त्या मंत्राने माणूस उठतो तो तेवढ्याच जिवावर. एक अंक. कुणी ढकललं तरी पडेल.

"एक? इतना नमक लगा के एक?"

"मंग पड परत," मैत्रीण म्हणाली. "न्हाय तं उठ आदी, मंग भांड."

भाभीने आपल्या कागदावर शून्य खोडून एक लिहिला. मग मिस्टरांना म्हणाली, चलो, कुठलं खोकं राहिलंय ते दाखवा. जाताना मैत्रिणीच्या पाठीवर तिने एक थाप मारली, जोरात. खेळ तिथेच थांबला, कारण खूप कामं होती. आम्ही तिघींनी तिचं उरलेलं सामान बांधायला मदत केली. सकाळी टेम्पो गेला.

नंतर बरेच दिवसांनी तिचा फोन आला. वापीत घर मोठं आहे, गॅलरीत सकाळचं ऊन येतं, तिची सून चांगली आहे, भाजी महाग. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "ताई, वो अभी तक एक पे ही है."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. रात्र झाली, झोपलात, सकाळ झाली, असं मास्तरणीने म्हटल्याशिवाय जखमा भरत नाहीत. आणि तिकडे तसं म्हणणारं कुणी नव्हतं. त्या रविवारी माझं ते म्हणायचं राहून गेलं होतं, आणि तिने स्वतःहून कागदावर आकडा वाढवला नव्हता. इतक्या दिवसांत त्याला कुणी ढकललं नाही म्हणून तो उभा होता.

"कहाँ सोया है?" मी विचारलं. "बाहर कि घर में?"

तिच्या मागे प्रेशर कुकरची शिटी झाली.

"घर में," ती म्हणाली. "छत के नीचे."

छपराखाली झोपलेल्यासाठी मी फासा टाकत नाही. मी म्हटलं, "मग रात्र झाली भाभी. तो झोपला. सकाळ झाली. पूर्ण लिहा."

पलीकडे पेन्सिल शोधायचा आवाज आला.